सतरा नंबरची वजाबाकी

मंगळवारी जेवणाची सुट्टी संपली आणि तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो पिवळा चौकोन उघडला: जागा संपत आली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तो उघडायचाच. तिनं नेहमीप्रमाणे त्याला मनातल्या मनात एक शिवी हासडली, चष्मा पुसला आणि जुन्या फायली पुसायला बसली. पुसण्याच्या कामाचा तिला कधीच कंटाळा नव्हता. गेली अकरा वर्षं ती दुसरं करत तरी काय होती? स्कॅनच्या मशीनमधून निघणाऱ्या चित्रांवर वाळू उडाल्यासारखे दाणे असतात, ते काढून चित्र लख्ख करायचं, हाच तिचा धंदा. हॉस्पिटलच्या त्या तळमजल्यावर तिला सगळे धुलाईवाली म्हणत. चित्रं वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच ते नाव पाडलं होतं. "आली आमची धुलाईवाली," त्या दारातूनच ओरडायच्या, "आता डागाची काय बिशाद!" ती हसायची. चिडवण्यातही कौतुक असतं, आणि कौतुक कुणाला नको असतं? येत्या शुक्रवारी तर त्या कौतुकावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. मोठ्या सरांच्या खोलीत बैठक होती, बाहेरून दोन तज्ज्ञ येणार होते, आणि तिनं लिहिलेली गाळणी, म्हणजे दाणे उचलणारा तो प्रोग्रॅम, मशीनमध्ये कायमची बसवायची की नाही, याचा निर्णय होणार होता. म्हणजे निर्णय झाल्यातच जमा होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मशीन स्तनांच्या तपासणीसाठी खास बनवलेलं होतं. बाईनं टेबलावर पालथं झोपायचं, टेबलाला एक गोल भोक, त्यातून स्तन खाली सोडायचा, आणि खालच्या अंधारात मशीनचा डोळा दहा सेकंदांत त्याच्याभोवती एक चक्कर मारायचा. तेवढा वेळ श्वास रोखायचा, बस्स. दाबणं नाही, चिमटणं नाही. भानगड एवढीच, की किरण जास्त सोडले तर चित्र झकास येतं पण निरोगी बाईच्या अंगात नको तेवढे किरण जातात, आणि कमी सोडले तर अंग वाचतं पण चित्रात दाण्यांचं वादळ उठतं. मसुराएवढी गाठ त्या वादळात खुशाल दडून बसते. तिची गाळणी कमी किरणांचं चित्र घ्यायची, दाणा कुठला आणि मांस कुठलं ते निवडायची, आणि दाणे तेवढे उचलून बाजूला टाकायची. निवड बरोबर झाली की नाही हे बघायची या धंद्यातली जुनी रीत म्हणजे वजाबाकी. मूळ चित्रातून धुतलेलं चित्र वजा करायचं. उरेल तो नुसता मळ. त्या मळात काही म्हणजे काही दिसता कामा नये. एखादी कड दिसली, शीर दिसली, आकार दिसला, तर समजायचं की गाळणीनं मळाबरोबर कापडही खाल्लं. सुरुवातीला सगळेच वजाबाक्या बघतात, पण एकदा विश्वास बसला की मळाकडे ढुंकूनही कोण बघतंय? टाकून देतात. ती मात्र ठेवायची. सुटलेली बटणं डबीत जपून ठेवणाऱ्या बायका असतात, तशातलीच ती. आणि पुन्हा उघडून बघायचं म्हणाल, तर डबीही कुणी उघडत नाही.

वजाबाक्यांचा कप्पाच सगळ्यात फुगलेला निघाला. चाचणीसाठी वीस निरोगी बायका आल्या होत्या, त्यांच्या वीस फायली. पुसण्यासाठी एकेक निवडत ती सतरा नंबरवर आली आणि बोट घसरलं म्हणा, टिचकी दोनदा बसली. फाईल निवडली जायच्या ऐवजी उघडली. पडदाभर करडी वाळू. बंद करायला हात गेला होता, पण माऊसचं चाक बोटाखाली होतं आणि सवयीनं ते फिरलं. एकामागून एक थर खाली सरकू लागले. सगळीकडे तीच वाळू, तीच मूक खळबळ. एकशे बाराव्या थराशी तिला वाटलं की काहीतरी मागे गेलं. रस्त्यानं चालताना एखाद्या खिडकीत कुणी उभं होतं असं चार पावलं पुढे गेल्यावर वाटतं, तसं. ती मागे आली. वाळूत एक जागा किंचित उजळ होती. फार नाही, जेमतेम. मधोमध एक ठिपका, आणि त्याच्यापासून निघालेले बारीक पाय. तिनं मान तिरकी केली तरी ते तिथेच. ती उठली, पाणी प्यायली, परत आली, तरी ते तिथेच. चार महिने ते या कप्प्यात होतं, तिच्या पायाशी घरघरणाऱ्या डब्यात, आणि वर बसून ती चहा पीत होती, फोनवर हसत होती. सतरा नंबर कोण, हे कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. नावं फॉर्मवर राहतात, चित्रांना नुसते नंबर. पण हा फॉर्म तिनंच भरून घेतला होता, स्वतःच्या पेनानं. सतरा नंबर म्हणजे तिची नणंद.

नवऱ्याची थोरली बहीण. साठीला टेकलेली, एकटी, कपडे अल्टर करून देण्याचं छोटं दुकान चालवणारी आणि त्याच दुकानावरच्या खोलीत राहणारी. लग्नानंतरची पहिली सात वर्षं तिघंही एकाच घरात होती. त्या सात वर्षांत ताई तिला कधी वावगा शब्द बोलल्या नाहीत, हीच तर पंचाईत होती. ती टॉवेलची घडी घालून ठेवी. ताई काही न बोलता येऊन ती घडी उलगडत आणि पुन्हा घालत. ती ओटा पुसे, ताई त्यावरून बोट फिरवत आणि बोटाकडे बघत. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं, बोटाशी काय भांडणार? मग नऊ वर्षांपूर्वी ताईंनी आपण होऊन दुकानावरची खोली घेतली, आणि सामानाची गाडी कोपऱ्यावरून वळली तशी ती नवऱ्याला म्हणाली होती, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." नवरा हसला नव्हता. आणि चार महिन्यांपूर्वी चाचणीला बायका मिळत नाहीत अशी तक्रार ती जेवताना करत असताना, सहज भेटायला आलेल्या ताई ताटातून वर न बघता म्हणाल्या, "मी येते." तिला खरं तर नको होतं, पण नाही कशी म्हणणार? आल्या. गप्प होत्या. गाऊन घालून टेबलावर पालथ्या झाल्या, आणि ती जागा नीट लावायला टेबलाखाली वाकली. खालून वर बघितलं तर ताई नव्हत्याच. चेहरा नाही, बोट नाही, जरबही नाही. गोल भोकातून अंधारात लोंबणारा एक म्हातारा, पांढुरका, निमूट अवयव तेवढा होता. हा कुणाचाही असू शकला असता. तिनं गार हातमोज्यांनी तो मध्यभागी आणला आणि वरून कुठून तरी, फार लांबून आल्यासारखा श्वास ऐकू आला. त्या क्षणी तिला काय वाटलं होतं? दया? नाही. तिला बरं वाटलं होतं. आता पडद्यासमोर बसून तिला ते बरं वाटणं जसंच्या तसं आठवलं, आणि तिनं खुर्ची मागे सरकवली.

धुतलेल्या चित्रात वजाबाकी मिळवली की मूळ चित्र परत मिळतं, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. तिनं बेरीज केली. एकशे बाराव्या थरात करडा, पुसट, फिकट डाग उमटला. माप घेतलं, सात मिलिमीटर. पण तिला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हे मूळ चित्र मूळ वाटतच नव्हतं. त्यात दाणे हवेत तेवढे नव्हते. कुणीतरी आधीच एक हात फिरवून गेल्यासारखं ते गुळगुळीत होतं. तिनं मशीनची नोंदवही उघडली आणि तारखा लावल्या. त्या आठवड्यात मशीनची दुरुस्ती झाली होती. दुरुस्तीनंतर मशीन आपलं मूळचं वळण धरतं, आणि त्याच्या मूळच्या वळणात त्याची स्वतःची एक ढोबळ धुलाई चालू असते. दर सोमवारी ती बंद आहे ना हे बघायचं, तिथल्या चौकटीतली खूण काढायची, हे काम तिचंच. त्या सोमवारी खूण तशीच राहिली. म्हणजे पंधरापासून एकोणीसपर्यंत पाच बायकांची चित्रं दोनदा धुतली गेली होती. पहिल्या धुण्यात त्या डागाची कड गेली, आणि कड गेलेल्या डागाला दुसऱ्या धुण्यात तिच्या गाळणीनं दाण्यांचा पुंजका समजून मुळासकट उचललं. अस्सल मूळ चित्रं नव्वद दिवसांनी आपोआप पुसली जातात. तीही गेली होती. चूक कुणाच्याही हातून होते, असं ती स्वतःला सांगू शकली असती. पण तिला त्या आठवड्यातला मंगळवार आठवत होता. चित्रं इतकी सुंदर आली होती की मोठ्या सरांनी दोघा-तिघांना बोलावून दाखवली. तिनं एक छापून टेबलासमोर चिकटवलं होतं. ते चिकटवताना एक क्षण, एकच क्षण, तिच्या मनात आलं होतं की हे जरा जास्तच चांगलं आहे. चौकट उघडून बघायला पाच सेकंद लागले असते. तिनं बघितलं नाही, कारण बघून ते सौंदर्य आपलं नाही असं निघालं असतं तर?

डॉक्टरीणबाई संध्याकाळी निघायच्या बेतात होत्या. तिनं त्यांना खांद्यावरची पर्स काढूही न देता पडद्यासमोर बसवलं. त्यांनी सतराचं धुतलेलं चित्र बघितलं. "ही तर मीच वाचली होती. स्वच्छ आहे की." मग वजाबाकी बघितली. "अगं, मळ काय दाखवतेस मला! ढगात बघितलं तर उंट दिसतो, घोडा दिसतो. बघत बसलीस तर तुझा नवरासुद्धा दिसेल." "बेरीज बघा," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुढे वाकल्या, बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. "असेलही, नसेलही," त्या शेवटी म्हणाल्या. "ग्रंथींचा झुबका असाही दिसतो. मूळ आण, सांगते." तिनं मूळ का नाही ते सांगितलं. खुणेचंही सांगितलं. "म्हणजे पाच चित्रं बाद," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "वीसची पंधरा. शुक्रवारी सर त्या पाहुण्यांना काय दाखवणार, माझं डोकं? आणि मी पत्रात काय लिहू? बाई, तुमच्या कचऱ्यात आम्हाला काहीतरी दिसलं, या?" त्या वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. उठता उठता त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ओळखीची आहे का गं कुणी?" "नाही," ती म्हणाली. "मग भित्यापाठी ब्रह्मराक्षस कशाला लावून घेतेस? सहा महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलवायचंच आहे. तेव्हा बघू." त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरला. आपण ‘नाही’ का म्हणालो, हे तिला कळलं नाही. होय म्हटलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी त्याच क्षणी फोन उचलला असता. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिच्या तोंडून ‘नाही’ गेलं, इतकं सहज, की जणू ते दुसऱ्याच कुणीतरी तिच्या तोंडातून म्हटलं.

घरी नवरा पालक निवडत बसला होता. "ताईचा फोन आला होता," तो म्हणाला. तिच्या हातातली किल्ली खाली पडली. "काय म्हणत होत्या?" "काही नाही. काय म्हणणार? माझ्या कोटाचं अस्तर झालंय म्हणाली." काही नाही, हे शब्द तिनं लग्न झाल्यापासून हजारदा ऐकले असतील. आज ते ऐकताना तिला वाटलं, त्याच्या बोलण्यातून हे ‘काही नाही’ वजा केलं तर खाली काय उरेल? ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पानं निवडत होता, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला, आणि त्याचा हात न बघता चालत होता. "तुझ्या ताईला कधी काही झालं तर," ती म्हणाली. त्यानं मान वर केली. "ताईला? तिला काय धाड भरलीय? आपल्या सगळ्यांना पोचवून मग निवांत जाईल ती." आणि तो हसला. ती हसली नाही. न्हाणीघरात जाऊन तिनं दार लावून घेतलं. खिडकीच्या दुधी काचेत ते होतं. मधोमध ठिपका, बारीक पाय. तिनं काचेवरून बोट फिरवलं. कोरडी होती. मग तिला समजलं की आपल्याला भीती कसली वाटतेय. ताईंना काही असेल याची भीती होतीच. पण त्याहून खाली, मळाच्याही खालच्या थरात, दुसरीच भीती होती. ज्याच्या मनात जे असतं तेच त्याला ढगात दिसतं. वीस बायकांच्या वाळूतून नेमकी हिच्याच वाळूत तिला ते दिसावं? जिला तिनं सुंठीवाचून घालवलं, जिला चेहऱ्याशिवाय बघून तिला बरं वाटलं, तिच्यातच? हे दिसतंय, की मी हे बघतेय?

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस अशा चारही वजाबाक्या तिनं थर न थर चाळल्या. नुसती वाळू. मग एक नंबर उघडला. एक नंबर ती स्वतः. नव्या मशीनखाली आधी आपण झोपायचं, हा या खात्यातला अलिखित नियमच होता. तिच्या स्वतःच्या वाळूत काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की तिला त्याचाच धसका बसला. आपल्यातून उचललेल्या मळात आपला एक कणसुद्धा नाही, हे बरं लक्षण की वाईट? मग तिनं स्वतःचीच परीक्षा घ्यायची ठरवली. संगणकाकडून तिनं खोटी वाळू पाडून घेतली, कुणाच्याही शरीरातून न आलेली, निव्वळ आकड्यांची उधळण. पन्नास पानं. या पन्नास पानांत काही असूच शकत नव्हतं. तिसऱ्या पानावर ते होतं. तिच्या तोंडून आवाज निघाला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय गं?" आणि ती म्हणाली, "काही नाही." अकराव्या पानावर ते पुन्हा होतं. तिसाव्यावर दोन होती आणि एकमेकांकडे सरकत होती. तिनं डोळे मिटले तर पापण्यांच्या आतल्या लाल अंधारातही वाळू उडत होती आणि ते तिच्या मागून पुढे, पुढून मागे पोहत होतं. मग मात्र ती अकरा वर्षांची सवय म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, माप घेऊ लागली. ठिपक्याच्या आतली सरासरी, बाहेरची सरासरी, फरक. खोट्या वाळूतल्या प्रत्येक ठिपक्याचं माप घेतलं की तो विरघळून जाई. फरक शून्याच्या आसपास. तिच्या डोळ्यांनी केलेले चाळे होते ते. सतरा नंबरचा फरक खोट्या वाळूतल्या सगळ्यात मोठ्या फरकाच्या चौपट आला. तिनं पुन्हा घेतला, वरचा थर, खालचा थर, आडवा छेद, उभा छेद. चौपट. ते तिच्या मनातलं नव्हतं. ते ताईंच्या अंगातलं होतं. आता तिला सबब उरली नव्हती, आणि सबब नसताना माणूस किती वेळ नुसतं बसू शकतं, ते तिला त्या दिवशी कळलं. तिनं मोठ्या सरांना पाच नंबरांचं पत्र लिहिलं, खुणेची हकीकत लिहिली, खाली आपलं नाव घातलं, आणि पाठवायच्या बटणापाशी थांबली. पाच वाजले. सगळे गेले. पत्र तसंच पडद्यावर राहिलं.

गुरुवारी दुपारी तिनं ते पाठवलं. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. मोठे सर दारातून डोकावून म्हणाले, "उद्यासाठी ते सतरा नंबर ठेवा बरं का पहिलं. सगळ्यात सुंदर तेच आहे." ते जिन्यापर्यंत पोचायच्या आत तिनं बटण दाबलं, पर्स उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. फोन वाजू लागला तेव्हा ती रस्त्यावर होती. तिनं तो बंद केला. ऊन लख्ख होतं. भिंती, काचा, माणसांचे चेहरे सगळं कसं धुतल्यासारखं दिसत होतं, आणि त्या लख्खपणाचीच तिला शिसारी आली. ताईंच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक नव्हतं. ताई मशीनवर वाकून कुणाच्या तरी पॅन्टची तळशिवण घालत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "कोट न्यायला तू आलीस? त्याचे पाय मोडले का?" "माझं काम होतं, ताई." "तुझं? माझ्याकडे?" त्यांनी पाय थांबवला. तिनं वाटेत शब्द जुळवून आणले होते. "आमच्या मशीनमध्ये तेव्हा जरा अडचण आली होती. काही बायकांची चित्रं पुन्हा काढावी लागतील. तसं काळजीचं काही नाही." बोलता बोलताच तिला ऐकू आलं की आपण ताईंसमोर तेच करतोय, दाणे काढून टाकतोय. ताईंनी दोरा दातानं तोडला. "किती जणींची?" "पाच." "पाचही जणींच्या घरी तू अशी भर दुपारी जाणार आहेस?"

तिला खोटं बोलता आलं नाही. म्हणजे तोंड उघडलं, पण त्या बोटासमोर सात वर्षं उभं राहायची सवय होती, ती आडवी आली. "नाही," ती म्हणाली. "तुमच्याचकडे आले. तुमच्या चित्रात काहीतरी होतं, ताई. माझ्या गाळणीनं ते मळ समजून काढून टाकलं. गाळणीचा दोष नाही तो, माझाच आहे. मी एक खूण बघायला हवी होती, बघितली नाही. तुम्हाला स्वच्छ आहे म्हणून पत्र गेलं. ते खोटं होतं." इतकं सरळ ती ताईंशी कधीच बोलली नव्हती. ताईंनी पॅन्टची घडी घातली. मग ती उलगडली नाही, तशीच ठेवली. उठून दाराची कडी लावली, दारावरची पाटी फिरवली आणि कोपऱ्यातल्या, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या खोपटाचा पडदा सारला. "ये," त्या म्हणाल्या. आत दोघींपुरतीच जागा होती, आणि एक आरसा. आरशात ताई होत्या, चेहऱ्यासकट, सगळ्या. त्यांनी ब्लाउजची बटणं काढली, एकेक, घाई न करता. मग तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, बगलेच्या जरा खाली, नेऊन ठेवला. "इथं," त्या म्हणाल्या. "मधलं बोट दाब. तसं नाही. कापडात टाचणी राहिलीय का बघतो ना, तसं."

तिनं दाबलं. अकरा वर्षांत हजारो गाठी बघितल्या होत्या तिनं, हाताला एकही लागली नव्हती. कातडी ऊबदार होती, मऊ होती, आणि त्या मऊपणाच्या तळाशी काहीतरी होतं जे सरकत नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "तुझ्याकडे यायच्या आधी तीन आठवडे लागलं होतं हाताला," ताई म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या त्या टेबलावर उघडी पडायची मला हौस होती होय? माझ्याच्यानं डॉक्टरकडे जाववेना. म्हटलं, घरातलंच माणूस आहे." "मग सांगितलं का नाहीत? एक शब्द बोलला असता तर मी तीच जागा..." "म्हणून तर नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू तेवढंच शोधलं असतंस. मला बघायचं होतं, न सांगता दिसतं का." त्या थोड्या हसल्यासारख्या वाटल्या, आरशात नीट कळलं नाही. "मग तुमचं पत्र आलं. स्वच्छ. म्हटलं, बाकी कशातही चुकेल ही, टॉवेलच्या घडीत चुकेल, पण आपल्या कामात चुकायची नाही. म्हटलं, माझ्याच बोटाला काहीतरी वाटलं असेल, म्हातारं झालंय. त्या दिवसापासून मी तिथं हात लावायचं सोडून दिलं. आंघोळ करतानासुद्धा बघ, तेवढी जागा टाळायची."

सोळा वर्षांत ताईंनी तिच्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द होता. तिनं भिंतीचा आधार घेतला, पण दुसरा हात जिथं होता तिथंच होता, कारण ताईंनी मनगट सोडलं नव्हतं. बाहेर कुणीतरी दार ढकलून बघितलं, पाटी वाचली असावी, निघून गेलं. "तेव्हा केवढं होतं?" ताईंनी विचारलं. "सात मिलिमीटर." "आणि आता?" तिनं डोळे मिटले. वाळू नव्हती. बोटाखाली एक कड होती, आणि तिच्यापासून पुढच्या कडेपर्यंत तिनं सावकाश बोट नेलं.

"पंधरा," ती म्हणाली. ताईंनी पुन्हा विचारलं, आणि तिला ते पुन्हा सांगावं लागलं.